चैतरामने दोरी धरली नाही

चैतराम शहारेच्या घरात दोरी नव्हती असं नाही. बैलांचे कासरे होते, धानाच्या भाऱ्यांचे बंद होते, छपरीत आडवी बांधलेली आणि ओल्या कपड्यांनी मधात लोंबलेली सुतळी होती. शेतात राबणाऱ्याच्या घरी दोरी नसेल तर दुसरं काय असेल? पण एक दोरी त्या घरानं हातातून टाकली ती टाकलीच. मेलेल्या जनावराच्या मागच्या पायांना बांधायची दोरी.

ही गोष्ट चैतरामच्या जन्माआधीची. सडक अर्जुनीची मोठी सडक सोडून जंगलाच्या अंगानं आत गेलं की त्याचं गाव लागतं. गाव एकीकडं, गावाबाहेरची टोली एकीकडं, मधात बोडी, छोटं तळं. गावात कोणाचं ढोर मेलं की टोलीत हाक यायची. टोलीतल्या माणसानं जायचं, पाय बांधायचे, ओढत नाल्यापार न्यायचं. त्याला कोणी काम म्हणत नव्हतं. रीत म्हणत होते. छप्पन साली टोलीतली माणसं नागपूरला गेली, पांढऱ्या कपड्यांत परत आली आणि म्हणाली, आता तुमचं ढोर तुम्ही पाहा. पुढं पाटलाचा बैल मेला तेव्हा टोलीतून कोणी हललं नाही. बैल गोठ्यात फुगला, गावभर वास सुटला. गावानं विहीर बंद केली, मजुरी बंद केली. चैतरामचा बाप रामलाल तेव्हा मिसरूड फुटलेला, नव्या लग्नाचा. त्यानं खुंटीवरची ती दोरी काढली, कुऱ्हाडीनं तुकडे केले आणि चुलीत सारले. त्याच्या बायकोनं, सुलोचनाबाईनं, त्या जाळावर भात शिजवला.

"पानी बोडीचं अन् जार दोरीचा," म्हातारी अजून सांगते. आता तिला डोळ्यांनी दिसत नाही, पण ही गोष्ट सांगताना ती समोर पाहून सांगते. "भाताले वास मारत होता. पर खाल्ला. तसा भात मंग जिंदगीत नाई खाल्ला."

रामलालनं मरताना पोराच्या नावानं जमीन ठेवली नाही, कारण नव्हतीच. एक बोल ठेवला. कोणाच्या मेल्या ढोराच्या पायाला दोरी लावू नोको. चैतरामनं साठी गाठेपर्यंत तो पाळला. घरचा बैल पोळ्याच्या तोंडावर मेला तेव्हासुद्धा त्यानं बैल पडला तिथंच, त्याच्या अंगाला लागून खड्डा खणला, कडेची माती ढासळवत बैल हळूच आत सोडला. सारा दिवस गेला. लोक हसले. तो खणत राहिला.

असा माणूस. अंगानं काडी, बोलायला त्याहून बारीक. पावसाळ्यात धानाची बांधी, उन्हाळ्यात सडकेची नाहीतर तलावाची मजुरी. दोन पोरी झाल्या, उजवल्या, आपापल्या घरी गेल्या. मग घरात उरली तिघं: तो, बायको शामकला आणि आंधळी आई. चौथा आला तो डामर.

डामर त्याला सडकेवरच सापडला. मोठ्या सडकेचं काम चालू होतं, चैतराम तिथं खडी पसरायला जात होता. एका सकाळी सांडलेल्या डामराच्या थारोळ्यात एक पिल्लू रुतून बसलेलं दिसलं. नुसतं तोंड हलत होतं. आवाज निघायचा बंद झाला होता. मुकादम म्हणाला, "फेक बे उसको, नहीं बचता." चैतरामनं ते सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत घातलं आणि घरी आणलं.

"लोकं सडकीवरून पैसा आनतेत," शामकला म्हणाली, "अन् हा डामर आनते!"

तेच नाव पडलं. मातीतेल आणि करंजीचं तेल लावून लावून, नखानं खरडून खरडून दोघा नवराबायकोनं त्याला मोकळं केलं. पाठीवर हातभर जागी केस आले नाहीत ते आलेच नाहीत. ते टक्कल थंडीत फुटायचं, मग डामर चैतरामपुढं येऊन पाठ वळवून बसायचा. तेल लाव म्हणून. आणि त्या कुत्र्यानं जन्मात डामरी सडकेवर पाय ठेवला नाही. चैतराम सायकलीनं बाजाराला निघाला की डामर सडकेच्या कडंच्या मातीवरून पळायचा. सडक ओलांडायची वेळ आली की बसून राहायचा. मग चैतराम सायकल उभी करायचा, त्याला उचलायचा, पलीकडं ठेवायचा. बारीक माणूस, दांडगा कुत्रा. ट्रकवाले हॉर्न मारून हसायचे.

चैतराम करत होता ती बांधी गोंदियाला फुलचूरमध्ये राहणाऱ्या एका मास्तरची, ठेक्यानं घेतलेली. तिला लागून खुशाल पाटलाचं शेत. ज्या पाटलाचा बैल गोठ्यात फुगला, त्याचा हा नातू. चैतराम आणि खुशाल एका वयाचे. लहानपणी दोघं ढोरं चारायला जोडीनं जात. तेव्हा चैतराम त्याला नुसतं 'खुशाल' म्हणायचा. 'खुशालभाऊ, तुमी' कधी सुरू झालं ते दोघांनाही सांगता यायचं नाही.

धान भरलं की जंगलातून डुकरं उतरतात. एका रात्रीत बांधी लोळवून ठेवतात. चैतराम त्यांच्यावर डामरला सोडायचा. खुशालचा पोरगा भूपेंद्र तार सोडायचा. धुऱ्याच्या, शेताच्या बांधाच्या, कडेनं खुट्या ठोकून, त्यावर उघडी तार ओढून, खांबावरून करंट. सकाळी माणसं उठायच्या आत गुंडाळून घरी. गावाला माहीत होतं. गावाला बरंच माहीत असतं.

दिवाळी होऊन गेली होती, विळे धार लावून तयार होते. त्या सकाळी डामर घरी परतला नाही. चैतराम हाका मारत बांधीवर गेला तर तो खुशालच्या धुऱ्यावर आडवा पडला होता, गवतात झोपल्यासारखा. जवळ गेल्यावर झोप नव्हे ते कळलं. तोंडाची एक बाजू जळून आत ओढली गेली होती, दात उघडे पडले होते. पुढच्या पायावर काळी रेघ, आखून काढावी तशी. जळल्या केसांचा वास अजून धुऱ्यावर होता. मुंग्यांना खबर लागली होती.

चैतराम खाली बसला. त्यानं मुंग्या झाडल्या. परत आल्या, परत झाडल्या.

थोड्या वेळानं भूपेंद्र आला. तिशीचा, भरल्या अंगाचा, हातात मोबाईल. थबकला, मग चालत आला.

"साप डसला असन, काका."

"साप डसला तं तोंड जरते का रे?"

"मले का मालूम." त्यानं इकडं तिकडं पाहिलं. तार नेली होती, पण खुट्या उभ्याच होत्या. दोघांनीही पाहिल्या. "पाहा बापा, आता मजूर येतेत कापाले. उन्हं चढली का वास मारन. दोर देऊ का टॅक्टरमंधला? ओढून नाल्यात टाकून दे."

पाणी देऊ का म्हणावं तसं तो म्हणाला. आवाजात खोट नव्हती. चैतरामला तेच जास्त लागलं. या पोराला कोणी काही शिकवलं नव्हतं, आणि तरी ते त्याच्या तोंडात होतं.

"दोर नोको," चैतराम म्हणाला. "हात लाव फक्त. माह्या खांद्यावर दे. मी नेतो."

"मी?" भूपेंद्र दोन पावलं मागं सरकला. "मी नाई हात लावत मेल्या कुत्र्याले. आंघोय करून आलो आहो. तुमाले तं माहीत राहते ना काका हे काम."

चैतराम उठायला गुडघ्यावर हात ठेवून होता, तो तसाच परत बसला.

"मंग राहू दे," तो म्हणाला. "इथंच राहू दे."

"इथं कसा राहू देता? आमचा धुरा होय!"

"तुमचा धुरा, तुमची तार. कुत्रा तेवढा माहा. ज्यानं मारला तो उचलन."

भूपेंद्र फोन कानाला लावत निघून गेला. चैतराम कुत्र्याजवळ बसून राहिला.

टोलीत बातमी पोचली तशी शामकला आली. सोबत दुधराम आला. दुधराम चैतरामचा चुलतभाऊ, टोलीच्या विहाराचं पाहायचा, चार सभांमध्ये बोललेला माणूस. शामकलानं कुत्र्याचं तोंड पाहिलं, पदरानं आपलं झाकलं. मग म्हणाली, "चाला, घरी नेऊ. तुमी म्होरून धरा, मी मांगून धरतो. निंबाच्या झाडाखाली गाडू. घरामांगची सांदवाडी आपली आहे, कोनाच्या बापाची नाई."

"वैनी, थांब जराशी," दुधराम म्हणाला. "घरचा जीव होता, मालूम आहे. पर तो पडला कोठी? पाटलाच्या धुऱ्यावर. मारला कोनं? पाटलाच्या पोट्ट्यानं. आता चैतराम खांद्यावर घेऊन निघाला तं लोक का पाहतीन? पाटलाच्या वावरात जनावर मेलं अन् टोलीतल्या मानसानं उचललं. उद्या त्यायची भैस मरन, तं कोनाले हाक येईन गा?"

"हा कुत्रा आमचा होय, भैस नोहे!"

"तुले कुत्रा दिसते. गावाले टोली दिसते."

शामकला चिडली. "मंग तुमीच सांगा ना भासन देऊन त्याले, का बापा उठ अन् आपल्या पायानं घरी चाल!"

चैतरामनं वर पाहिलं. "बुढी का म्हने?"

शामकलाला ते सांगायचं नव्हतं. ती बराच वेळ मुंग्या झाडत राहिली. "बुढी म्हनते, ज्यानं मारला त्याच्या हातानं उचलाले लाव. तुह्या बापाचा जार असा इझवू नोको म्हनते."

मग चैतरामचा निर्णय झाला. वाद असा नव्हता की कुत्र्याला पुरायचं की टाकायचं. पुरायचं ते घरीच, निंबाखाली, हे त्याच्या मनात मुंग्या झाडतानाच ठरलं होतं. प्रश्न एकच होता, इथून तिथवर त्याला कोणी न्यायचं. पाटलाच्या पोरानं त्याला हातानं उचलून टोलीत आणून ठेवावं, मग खड्डा चैतराम खणील. एवढं झालं तर डामरची माती झाली. नाही झालं तर नुसता कुत्रा मेला.

"पडू दे," तो म्हणाला. "मी बसतो."

कार्तिकातलं ऊन सकाळी गोड असतं आणि दुपारी उलटतं. मजूर आले, पलीकडच्या टोकानं कापायला लागले, मधून मधून मान वर करून पाहत राहिले. एका बाईनं नाकाला पदर लावला. कावळे आधी करंजीच्या झाडावर बसले, मग धुऱ्यावर. चैतरामनं खांद्यावरचा दुपट्टा काढून कुत्र्याच्या तोंडावर टाकला. दुपट्टा पुरत नव्हता. तोंड झाकलं की पोट उघडं राहायचं, आणि पोट वर येत चाललं होतं. टक्कल तापलं होतं. त्याचा हात तेलाच्या सवयीनं तिथं गेला, आणि खालचं मांस लाकडासारखं लागलं तेव्हा मागं आला.

शामकला भाकर घेऊन आली आणि ती तशीच परत फडक्यात बांधली. "वास येऊन राहिला," ती म्हणाली. "तुमाले येत नाई का? कोनासाठी बसले आहा? त्याच्यासाठी का दुधरामसाठी?"

चैतरामनं कावळ्यांवर ढेकूळ फेकलं.

दुपार कलल्यावर खुशालचा निरोप आला: घरी ये, बोलू. शामकला म्हणाली, "जा तुमी. मी बसतो इथं." तो गेला.

खुशालच्या छपरीत दोन खुर्च्या होत्या. खुशालनं एकीकडं हात केला. चैतराम पायरीवर बसला. चहा आला, खुशालला कपात, चैतरामला कागदी गिलासात. त्या घरात कप कमी नव्हते.

"पोट्ट्याची चुकी झाली," खुशाल म्हणाला. तो आता जाडा झाला होता, दम लागायचा. "मी बोललो त्याले. पर हे तारीचं बाहेर नोको जाऊ देजो गा. फारेस्टवाले आले तं पोट्टा अंदर जाईन."

"मले फारेस्टवाले नाई पायजे."

"मंग का पायजे? दुसरा कुत्रा पायजे तं नागपुरवरून आनून देतो. जातीचा."

"तुमचा हात पायजे, खुशालभाऊ."

खुशालनं कप खाली ठेवला.

"भूपेंद्रनं त्याले हातानं उचलाव," चैतराम म्हणाला. त्याच्या हिशेबानं ही फार मोठी बोलणी झाली होती. "हातानं. अन् माह्या घरी आनून ठेवाव. बस. मंग माहा तुमच्यावर काई नाई."

"अरे, लोक का म्हनतीन?"

"लोक आमाले साऱ्या जल्माचे म्हनून राहिले."

खुशाल अंगणातल्या धानाच्या ढिगाकडं पाहू लागला. कोण जाणे त्याला काय आठवलं. लहानपणी एकदा तो बोडीत बुडत असताना चैतरामनं त्याला केसाला धरून काढलं होतं. त्या दिवशी कोणी आंघोळ केली, कोणी नाही, हे कोणी विचारलं नव्हतं. शेवटी त्यानं फोन लावला.

"भूपेंद्र. त्या कुत्र्याले हातानं उचल अन् चैतरामच्या घरी पोचव. हो. हातानं. जास्तीचं बोलू नोको, मी सांगून राहिलो." फोन ठेवून म्हणाला, "झालं? माहा शब्द. जाय, गड्डा खन."

चैतराम घरी गेला तो वेगळ्या पायानं गेला. आई ओट्यावर बसली होती. "आनते, बुढी," तो म्हणाला. "पाटलाचा पोट्टा सोता उचलून आनते." म्हातारीनं लुगडं सारखं केलं, पाहुणा येणार असल्यासारखं.

निंबाखाली त्यानं कुदळ घातली. आधी खडक लागेल असं वाटलं होतं, पण माती मऊ निघाली. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून खोल खणत गेला. वर घालायला बोरीच्या काट्या तोडून ठेवल्या. खड्ड्याचा तळ हातानं साफ केला, ढेकळं फोडली. दुधराम येऊन कुंपणाशी उभा राहिला. "पाहा, मानला ना पाटील!" तो म्हणाला. "सकारीच तू उचलला असता तं झालं असतं का हे?" टोलीतली आणखी दोन-चार माणसं येऊन उभी राहिली. सगळ्यांना पाहायचं होतं.

शामकला पळत आली तेव्हा तिच्या पायात चप्पल नव्हती.

"ओढला," ती म्हणाली. दम पुरत नव्हता. "ओढून नेला!"

भूपेंद्र आला होता, ट्रॅक्टर घेऊन. खाली उतरला, वास घेतला आणि थुंकला. शामकला म्हणाली, बाबू, मी मदत करतो, तू फक्त हात लाव. तो म्हणाला, बाजूला व्हा काकी. दोराचा फास करून तो तुराटीच्या काडीनं कुत्र्याच्या मागच्या पायात सरकवला. बोटसुद्धा लागू दिलं नाही. दुसरं टोक ट्रॅक्टरच्या हुकात. ती पुढं आडवी झाली तर त्यानं बाजूच्या बांधीतून ट्रॅक्टर काढला. मजूर पाहत राहिले. पांदणीनं, गाडीवाटेनं, वर सडकेवर, आणि सडकेनं नाल्यापर्यंत. ती मागं मागं पळाली, ओरडत. नाल्याच्या पुलावरून त्यानं हुकातून दोर काढला आणि लाथेनं ढकलून दिलं.

"सडकीवरून?" चैतरामनं विचारलं.

शामकलानं मान हलवली.

त्यानं कुदळ ठेवली. दुधराम बोलायला गेला होता, "आता तं पोलिसातच..." म्हणाला आणि थांबला, कारण चैतराम त्याच्या अंगावरून, तो तिथं नसल्यासारखा, निघून गेला होता.

सडकेवर जायच्या आधीच त्याला दिसायला लागलं. पांदणीच्या गोट्यांवर केस. सडकेवर चढल्यावर एक ओली, लांबच लांब पट्टी, मधून मधून तुटलेली, त्यावर माश्या. ज्या डामरावरून त्यानं त्या कुत्र्याला जन्मभर उचलून नेलं, त्याच्या कडंकडंनं, मातीवरून, चैतराम चालत गेला. पट्टीवर पाय पडू दिला नाही.

नाल्यात पाणी घोट्याएवढं होतं. पुलाखाली बेशरमच्या झुडपात डामर अडकला होता. एक अंग सोलून निघालं होतं. ते कोणतं अंग, कोणता पाय, हे ओळखायला त्याला वेळ लागला. पाठीवरचं टक्कल तेवढं शाबूत होतं. बाकी काही लपवण्यासारखं राहिलं नव्हतं, म्हणून त्यानं दुपट्टाही शोधला नाही. वाकला, हात खाली घातले, खांद्यावर घेतला. धानाचा भारा घ्यावा तसा. अंगरखा भिजला. मागच्या पायात फास तसाच होता, आणि दोर लांब होता. तो सोडायला त्याचा हात तिथवर गेला आणि थांबला. बापाचा बोल असा नको तिथं आठवतो. तो तसाच चढ चढून वर आला, आणि दोर त्याच्या मागून जमिनीवरून येत राहिला, कोणी न धरलेला.

टोलीला जायला दोन वाटा होत्या. एक बोडीमागून, एक गावातून. मेलेलं जनावर गावातून न्यायचं नाही, हीसुद्धा एक रीतच होती. तो गावात शिरला.

"ए चैतराम!" पानठेल्यावरून कोणी ओरडलं. "बोडीमांगून जाय ना गा! इकडं काऊन आनून राहिला?"

चैतराम चालत राहिला. नळावरच्या बायांनी हंडे बाजूला घेतले. एक कुत्रं भुंकत आलं, वास घेतला, आणि शेपूट खाली घालून मागं झालं. खुशालच्या दारात भूपेंद्र पाइपनं ट्रॅक्टर धूत होता. त्यानं पाणी बंद केलं नाही. पाणी ट्रॅक्टरवरून घसरून सडकेवर, चैतरामच्या पायात आलं. छपरीतून खुशाल उठून उभा राहिला. काही बोलायला त्याचं तोंड उघडलं. चैतरामनं त्याच्याकडं पाहिलं नाही. त्याला आता त्या घरातून काही पाहिजे नव्हतं. दोराचं टोक त्या ओल्या सडकेवरून, दारासमोरून, हळूहळू सरकत गेलं.

घरी त्यानं कुत्र्याला ओट्यावर, आईसमोर ठेवलं. टोलीतली माणसं कुंपणापलीकडं सरकली. पाहवत नव्हतं त्यांना. म्हातारीला पाहायचं नव्हतंच. तिनं हात पुढं केले. डोक्यावरून, जळल्या तोंडावरून, मानेवरून. सोललेल्या अंगावर हात आला तेव्हा थांबली, पण काढला नाही. पाठीवरचं टक्कल चाचपलं. मग पाय. मागच्या पायाशी तिची बोटं अडकली.

"हे का होय वो, शामकला?"

म्हातारीची बोटं गाठीवरून फिरली.

"दोर होय," म्हातारी म्हणाली. "पायाले अजून दोर आहे." तिनं मान वर केली, पोराच्या श्वासाच्या दिशेनं. "तू काऊन नाई सोडला रे?"

"बापानं सांगतलं होतं," चैतराम म्हणाला. "हात नोको लावू म्हनून."

"बापानं दुसऱ्याच्या मेल्या ढोराचं सांगतलं होतं." म्हातारीचा आवाज चढला नाही. "हा का दुसऱ्याचा होता?"

मग तीच तो फास सोडायला बसली. गाठ ओढून ओढून दगडासारखी झाली होती, पायाच्या हाडात रुतली होती. तिची नखं म्हातारी, बोटं वाकडी. शामकला विळा घेऊन आली, "आना, कापतो." म्हातारीनं मान हलवली. कोणाला हात लावू दिला नाही. अंधार पडायला लागला तेव्हा गाठ सुटली. तिनं दोर गोळा करून मांडीवर घेतला, बोटांनी चोळून पाहिला.

"नायलानचा होय," ती म्हणाली. "हा जरत नाई. नुसता चिकटते." आणि तिनंच सकाळी पाठवलेल्या निरोपाचं तिला काही म्हणायचं असेल, तर ते एवढंच होतं.

चैतरामनं कुत्र्याला खड्ड्यात उतरवलं. स्वतः आत उतरून, हातानं, टक्कलाची बाजू वर ठेवून. शामकलानं तेलाची बाटली आणली होती, थोडं राहिलं होतं तळाशी. तिनं ती त्याला दिली. त्यानं ते टक्कलावर चोळलं. मग वर आला आणि माती लोटली, आणि मातीवर बोरीच्या काट्या.

कुंपणाशी खुशाल येऊन उभा होता. कधी आला कोणी पाहिलं नाही. आत ये कोणी म्हटलं नाही.

"चैतराम," तो म्हणाला. "मी त्याले हातानंच सांगतलं होतं गा. तुह्यासमोर सांगतलं."

चैतराम काट्या दाबत राहिला.

"कोन होय? खुशाल होय का?" म्हातारीनं विचारलं. तिनं मांडीवरचा दोर उचलला आणि आवाजाच्या दिशेनं धरला. "घे बापा. तुमचा होय. तुमीच ठेवा."

खुशालनं कुंपणावरून हात लांब केला आणि दोर घेतला. तो ओला होता, चिकट होता. तो दोर कुठं धरावा, अंगापासून किती लांब धरावा, हे त्याला कळेना. तसाच घेऊन तो बोडीमागच्या वाटेनं परत गेला. गावातून गेला नाही.

माणसं पांगली. दुधराम सगळ्यात शेवटी गेला, काही न बोलता, आणि हे त्याच्यासाठी फार झालं. शामकलानं चूल पेटवली. चैतराम हात धुवायला बसला. राखेनं धुतले, मातीनं धुतले, तरी नखात काळं राहिलं. कुत्र्याचं की मातीचं, सांगता येत नव्हतं. दहा वर्षांपूर्वी डामर खरडून काढला होता तेव्हाही असंच राहिलं होतं.

"सकारीच आनला असता तं," तो म्हणाला.

त्याला वाटलं शामकला म्हणेल, जाऊ द्या, झालं ते झालं. बायका म्हणतात तसं.

"हो," शामकला म्हणाली. "आनला असता तं बरं झालं असतं."

आणि तिनं भात वाढला.